अम्मा काही करत नाही

दारोदार फिरून लोकांना प्रश्न विचारायचं काम केलेल्या माणसाकडे किस्से आपोआप साचत जातात. ते सांगायला बसलं की ऐकणारा सगळ्यात आधी विचारतो, "पण शेवटी आकडा किती निघाला?" आकडा मी सांगणार नाही. सांगितला की तुम्हीपण भांडायला लागाल, आणि आकड्यावरून झालेल्या एका भांडणात आमच्या लक्ष्मीची नोकरी कशी टांगणीला लागली, ते मला आधी सांगायचं आहे.

सध्या मी घरीच असते. ओळखीच्यांना शेंगा चटणी कुटून देते, बाकी काही करत नाही. त्यामुळे आठवायला वेळ आहे.

सर्वेच्या कामावर आम्ही चौघं होतो, सगळे कंत्राटी. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र, पाठीवर पाण्याची बाटली. बिरू मंगळवेढ्याकडचा, मेंढपाळ घरातला. रियाजभाई सोलापूरचेच, आधी रिक्षा चालवायचे, त्यामुळे शहरातली गल्ली न् गल्ली त्यांना पाठ. लक्ष्मी पूर्व भागातली, तेलुगू विणकरांच्या घरातली. एकच प्रश्न तीन भाषांत विचारायची आणि तिन्ही भाषांत समोरच्याला हसवायची. आणि मी मंगल, माहेर मोहोळ, चौघांत वयानं मोठी. त्यामुळे सगळ्यांची ताई, आणि लक्ष्मीची अक्का.

ट्रेनिंगमध्ये आमच्याकडून एक नियम घोटून घेतला होता. उत्तर देणाऱ्याच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत. डोळ्यांना काहीही दिसो, तो म्हणेल तेच टाकायचं. नियम चांगलाच आहे. पण पुढचे सगळे किस्से त्या नियमाचेच आहेत.

*

पहिला बिरूच्या मामांचा.

मामांचं गाव बिरूच्या यादीत आलं. मामा बांधावर बसलेले, आणि त्यांच्या पाठीमागे अख्खं रान मेंढरांनी भरलेलं. बिरूनं विचारलं, "मामा, मेंढरं किती?"

मामा म्हणाले, "हायत की धा-पाच."

मेंढरं मोजून सांगायची नसतात, दृष्ट लागते, हे बिरूला लहानपणी मामांनीच शिकवलेलं. आता तोंडात शब्द कसा घालणार? त्यानं मामांनी सांगितलं तसंच टाकलं आणि चहा पिऊन आला.

पुढे काही महिन्यांनी फेसबुकवर कुणीतरी एक आलेख टाकला. जिल्ह्यातली मेंढरं घटली म्हणे. लाल बाण खाली गेलेला. खाली नुसती हाणामारी. कुणी म्हणे सरकारची चूक, कुणी म्हणे पोरं मोबाईलमध्ये गेली, कुणी म्हणे चराऊ रानंच राहिली नाहीत. मामांनी तो आलेख रडक्या चेहऱ्यांसकट बिरूला पाठवला. सोबत एक व्हॉइस मेसेज, "बघ बाबा, आपल्या लोकांचं काय ऱ्हायलंय."

बिरूनं फोन लावला. "मामा, तुमीच धा-पाच सांगितलं हुतं न्हवं?"

मामा म्हणाले, "म्या सांगितलं ते ठीक हाय रं. बाकीच्यांनी तर खरं सांगायचं की."

*

दुसरा रियाजभाईंच्या चाचीच्या फ्रीजचा. हे घर माझ्या वाट्याला आलं होतं.

मी विचारलं, "घरात फ्रीज आहे का?"

चाची म्हणाल्या, "है ना, देखो की." आणि त्यांनी दार उघडून दाखवलं. वरच्या खणात पोरांची शाळेची पुस्तकं, मधल्या खणात लग्नपत्रिका आणि रेशनचं कार्ड, खाली सणाच्या चपला. फ्रीज बंद पडून बराच काळ झाला होता. पण टॅबवर 'फ्रीज आहे का' एवढंच विचारलेलं, 'चालतो का' असं विचारलेलं नाही. मी 'हो' दाबलं.

आमच्या शहराचा एक मोठा ऑनलाइन ग्रुप आहे. त्यात एक गृहस्थ होते, मूळचे सोलापूरचे, राहायला परदेशात. रोज एक आलेख टाकायचे, म्हणून आम्ही त्यांना आलेखवाले म्हणायचो. त्यांनी लिहिलं, "घरोघरी फ्रीज आला आहे. आता नक्की कुणाला गरीब म्हणायचं?"

रियाजभाईंनी खाली लिहिलं, "साहेब, आमच्या चाचीच्या फ्रीजमध्ये इतिहासाचं पुस्तक थंड व्हायला ठेवलंय."

आलेखवाल्यांचं उत्तर लगेच आलं. "एका घरावरून निष्कर्ष काढू नका. तुमचा सोर्स काय?"

या 'सोर्स काय'नं बिरूचं डोकं सटकलं. त्यानं आपल्या चपलांचा फोटो काढला. टाचा झिजून जमिनीला टेकलेल्या, एका अंगठ्याला तार बांधलेली. फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "ह्यो सोर्स."

त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी साहेबांनी चौघांनाही बोलावलं. साहेब पुण्याहून बदलून आलेले, आवाज कधी न चढवणारे. त्यांनी फोन आमच्याकडे फिरवला. स्क्रीनवर चपला.

"हे पाय कुणाचे?"

साहेबांनी हळूच टेबलाखाली बघितलं. बिरू त्याच चपला घालून आला होता.

मला वाटलं, साहेब हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "लोक आपल्याला घरात घेतात, कारण आपण बाहेर बोलत नाही. यापुढे फील्डवरचं एक अक्षर जरी कुणी ऑनलाइन लिहिलं, तर कंत्राट तिथंच संपलं."

बाहेर आल्यावर लक्ष्मी बिरूवर चिडली. "तुझ्या चपलेपायी माझं घर उपाशी बसंल की." तिच्या नवऱ्याचा यंत्रमाग महिन्यातले अर्धे दिवस बंद असायचा. घरात नेमानं येणारा पगार तिचा एकटीचा होता.

*

आता माझा किस्सा. हा मी बरेच दिवस कुणाला सांगितला नव्हता.

आपल्या गल्लीतली घरं आपण करायची नाहीत, असा आमच्यात दंडक. लक्ष्मीची गल्ली तिच्याच यादीत आली, म्हणून आम्ही दोघींनी अदलाबदल केली. तिच्या गल्लीत मी गेले.

लक्ष्मीची आई, अम्मा, लेक-जावयाजवळच राहायची. ती उंबऱ्यात बसलेली. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. बोटं विड्या वळत होती. मला बघून हसली, पण बोटं थांबली नाहीत. मी घरातल्या सगळ्यांचं भरलं, लक्ष्मीचंही भरलं. मग विचारलं, "अम्मा, तुम्ही काही काम करता?"

"न्हाई. घरीच असते."

टॅबवर 'घरकाम' दाबलं की एक दुसरा प्रश्न उघडतो. घरकामासोबत विकण्यासाठी, मजुरीसाठी काही करता का, असा. पूर्व भागात खरा तोच प्रश्न. तो नीट, सोप्या भाषेत विचारला तरच बाई सापडते, नाहीतर निसटते. लक्ष्मीनंच मला हे शिकवलं होतं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून ओरडा आला, "नीळ्ळु, नीळ्ळु!" नीळ्ळु म्हणजे पाणी. आमच्या सोलापुरात नळाला पाणी आलं की माणूस अर्धा घास टाकून उठतो. अम्मा सूप बाजूला ठेवून घागर घेऊन पळाली. सगळ्या गल्लीतल्या बायका पळाल्या. मी उंबऱ्यात टॅब घेऊन उभी. उत्तर टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. ऊन चढलेलं, यादी अर्धी राहिलेली.

मी 'नाही' दाबलं. परत येऊन विचारीन, असं मनाशी म्हटलं. परत गेले नाही. पुढच्या तीन घरांतही पाणी भरणं चाललं होतं, तिथंही मी तसंच केलं.

*

मग तो आकडा आला. कामावर असलेल्या बायकांचा टक्का. आलेखवाल्यांनी तो ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं, "सोलापूरच्या बायका काम का करत नाहीत?"

दिवसभर ग्रुप पेटला होता. एक गट म्हणे, आमच्यात बायकांना काम करायची वेळच येत नाही, ही अभिमानाची गोष्ट आहे. दुसरा गट म्हणे, सगळ्या मालिका बघत लोळतात. दोन्ही गट एकमेकांना शिव्या देत होते, पण आकड्यावर दोघांचाही विश्वास होता.

त्यातल्या एका गृहस्थांनी बायकांच्या आळसावर ही लांबच लांब कॉमेंट लिहिली. रियाजभाईंनी त्यांचा प्रोफाइल फोटो मोठा करून आम्हाला दाखवला. गृहस्थ घरात हाताची घडी घालून, छाती काढून उभे. त्यांच्या मागे त्यांची बायको शिलाई मशीनवर. तिच्या दोन्ही बाजूंना टॉवेलचे ढीग, तिच्या डोक्यापेक्षा उंच.

"फोटो बी उसी के सामने निकाल्या," रियाजभाई म्हणाले. "पर दिखी नै उसको."

आम्ही हसलो. लक्ष्मी हसली नाही. तिची बोटं फोनवर चालू होती. "काय लिहितेस?" मी विचारलं. "काय न्हाई अक्का," म्हणाली आणि फोन पिशवीत टाकला.

तिनं लिहून टाकलं होतं. स्वतःच्या नावानं.

"मी सर्वेचं काम करते. आमच्या बायका विड्या वळतात, टॉवेल शिवतात, आणि विचारलं तर नाही म्हणतात. दुसरा प्रश्न नीट विचारला की हो म्हणतात. आमच्या घरी आमच्या अक्कांनी नीट विचारलाय. माझी अम्मा 'हो'मध्ये आहे. बाकीच्यांचं मला माहीत नाही."

ते मी दोनदा वाचलं. साहेबांनी तंबी दिलेली, हे एक. पण मला भीती वेगळीच होती. लक्ष्मीनं माझ्या नावावर शपथ घेतली होती, आणि अम्मा 'नाही'मध्ये होती.

आलेखवाल्यांनी विचारलं, "सोर्स?" बाकीच्यांनी लक्ष्मीचं खातं उघडून तिचे फोटो शोधले, नवऱ्याला नावं ठेवली, जात काढली. संध्याकाळपर्यंत कुणीतरी ऑफिसला तक्रार केली. साहेबांनी रेकॉर्ड उघडून बघितलं. लक्ष्मीच्या अम्मापुढे स्वच्छ 'नाही' होतं.

नोटीस आली. तंबी मोडून, स्वतःच्या घराच्या नोंदीबद्दल जाहीरपणे खोटं लिहिल्याबद्दल कंत्राट का संपवू नये? शुक्रवारी साहेब स्वतः घरी येऊन फेरतपासणी करणार. पहिलं उत्तर बदललं, तर ताकीद देऊन सोडणार होते; कायम राहिलं, तर लक्ष्मी खोटी ठरणार आणि कंत्राट संपणार होतं.

ती नोटीस घेऊन माझ्याकडेच आली. "अक्का, तुमी 'हो'च टाकलं हुतं की? टॅबची कायतरी चूक आसंल. साहेबांना सांगा की."

मी म्हटलं, "बघते."

एवढंच बोलले मी. आजही आठवलं की माझी मलाच लाज वाटते. तिनं माझा हात दाबला आणि गेली. तिला वाटलं, अक्का बघतेय.

*

रियाजभाईंना मी सांगितलं. चहाच्या गाड्यावर, बशीत चहा ओतून त्यात बघत. चार घरांत न विचारता 'नाही' टाकलंय म्हटलं.

रियाजभाईंनी आपली बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "ताई, शुक्रवार कू अम्मा ने 'हो' बोल्या तो तुम फसे. 'नाही' बोल्या तो लक्ष्मी गई."

"मग मी काय करू?"

"मेरे कू नक्को पूछो. तुमारे घर में बी पोरगी की फी है."

त्यांनी चहाचे पैसे दिले आणि रिक्षावाल्यांच्या सवयीनं माझ्याकडे न बघता विचारलं, "चलना है क्या?" मी त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसले.

*

शुक्रवार.

साहेब आले तेव्हा अम्माचं घर ओळखू येत नव्हतं. फरशी पुसलेली, खाटेवर नवीन सोलापुरी चादर, अम्माच्या अंगावर ठेवणीतलं लुगडं. उदबत्ती लावलेली. सूप कुठंच नव्हतं. मोठे साहेब येणार म्हणून अम्मानं घर आवरलं होतं, आणि आवरताना पुरावाच आवरून ठेवला होता.

लक्ष्मी भिंतीला टेकून उभी. तिला बोलायची बंदी, मलाही. मूळ नोंद माझी, म्हणून मला हजर राहायला सांगितलेलं. अम्मानं मला बघून हात जोडले आणि चहाचं विचारलं. साहेबांनी मान हलवून नको म्हटलं आणि टॅब उघडला.

"आजी, तुम्ही काही काम करता?"

"न्हाई साहेब. घरीच असते."

साहेबांनी दुसरा प्रश्न टॅबवर होता तसाच वाचला. "घरगुती जबाबदाऱ्यांव्यतिरिक्त आपण कोणत्याही आर्थिक उपक्रमात सहभागी असता का?"

अम्मा लक्ष्मीकडे बघायला लागली. लक्ष्मीनं मान खाली घातली. बोलली असती तर नियम मोडला असता, आणि नियम मोडल्याचीच नोटीस तिच्या पर्समध्ये होती. तिनं ओठ इतके दाबून धरले होते की ते पांढरे पडले होते.

"न्हाई, न्हाई," अम्मा घाईघाईनं म्हणाली. "आमी तसलं कायबी करत न्हाई साहेब."

साहेबांनी बोट टेकवलं. जुनी नोंद आणि नवी नोंद तंतोतंत जुळली. माझ्यावर आता कुणी बोट ठेवू शकत नव्हतं. साहेब लक्ष्मीकडे वळले आणि म्हणाले, "मला वाईट वाटतं." ते त्यांना खरंच वाटत होतं.

लक्ष्मीनं साहेबांकडे बघितलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. अजूनही ती वाटच बघत होती.

"साहेब," मी म्हटलं. "तो 'नाही' अम्माचा नव्हता. दुसरा प्रश्न मी विचारलाच नव्हता. पाणी आलं, अम्मा उठून गेली, आणि मी माझ्या बोटानं 'नाही' दाबलं. या गल्लीत आणखी तीन घरांत तसंच केलंय."

साहेबांनी टॅब मांडीवर ठेवला. "मॅडम, तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय." आणि एक नियम मोडलाच होता, तर मी दुसराही मोडला. "अम्मा, सूप कुठं ठेवलं?"

अम्मा ओशाळली. "खाटंखाली. साहेब येणार म्हून. तंबाकूचा वास येतो न्हवं."

"काढा की. साहेबांना वासाचं काही नाही."

तिनं चादर वर केली, सूप ओढून काढलं आणि मांडीवर घेतलं. घेतल्याबरोबर बोटं आपोआप चालू झाली. पान, चिमूटभर तंबाखू, वळण, दोरा. एक झाली, दुसरी झाली. अम्माचा चेहरा एकदम सैल पडला. साहेब आल्यापासून पहिल्यांदाच ती नीट बसली होती.

साहेब त्या बोटांकडे बघत राहिले. मग त्यांनी साध्या आवाजात विचारलं, "आजी, हे काम नाही?"

"हे?" अम्माला हसू आलं. "हे काम कसं आसंल? हे तर मी लगीन व्हायच्या आदीपासनं करते."

"मग काम म्हणजे काय?"

"काम माझा नवरा करायचा. गिरणीत. भोंगा वाजला की जायचा. गिरणी बंद पडली, काम संपलं."

"मग त्यानंतर घर कसं चाललं?"

"चाललं की," अम्मा म्हणाली. तिसरी विडी सुपात पडली.

शेवटी काहीतरी विचारायचं म्हणून साहेबांनी भिंतीकडे मान केली, जिथं लक्ष्मी उभी होती. गळ्यात ओळखपत्र, डोळे भरलेले.

"आणि ही तुमची मुलगी? ही काय करते?"

अम्मानं मान वर करून एकदा लेकीकडे बघितलं.

"ही? ही बी काय करत न्हाई साहेब. दिवसभर उनात लोकांच्या दारात जाती, आन् बायकांना विचारती, काम करता का म्हून."